औषध नसलेला नारू

प्रश्न : दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र दवाखाना चालवत नाही. मग रोग टाळतं कसं? – एक वाचक, बार्शी

उत्तर : घरातल्या म्हाताऱ्यांना नारूबद्दल विचारा. पायातून निघणारा तो हातभर, दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळत, रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला की पाय सुजलाच! लस नाही, औषध नाही. पायऱ्यांच्या विहिरीत रुग्ण उतरला की जंताच्या अळ्या पाण्यात, आणि ते पाणी पिणाऱ्यांना नारू. १९८३पासूनच्या निर्मूलन मोहिमेची सूत्रं याच केंद्राकडे होती, तेव्हा नाव वेगळं. गावोगाव रुग्ण शोधणं, पायऱ्या बंद करणं, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक, घरात फडक्यानं गाळणं. मी आरोग्य खात्यातला, पण खरं सांगतो, निम्मं काम गाळणाऱ्या बायकांनी केलं. शेवटचा रुग्ण राजस्थानात, जुलै १९९६; फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त ठरवला.