परदेशी बाजार, नागपुरी पिशवी : तुमचे प्रश्न

मे संपला की आहाराबद्दलचे बाकीचे प्रश्न मागे पडतात आणि एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत यायला लागतो. मुलगा चालला, मुलगी चालली, आम्ही दोघं लेकीकडे चाललो. काय काय बांधून देऊ? इतवारीत मसाले, गोकुळपेठेत पापड-कुरड्या, आणि बॅगेत कपड्यांना जागा नाही! बांधलेला किराणा फार तर दोन महिने पुरतो. पुढची दोन वर्षं तिथल्याच बाजारातलं खायचं असतं, आणि त्या बाजाराची तयारी मात्र कुणीच करून जात नाही. म्हणून यंदा पत्रं एकत्र करून उत्तरं देते आहे.

मुलगा म्युनिकला एमएसला चालला. घरचं तूप, संत्रा बर्फी आणि कढीपत्ता द्यायचा आहे. ओळखीचे एक ट्रॅव्हल एजंट म्हणतात, व्हॅक्यूम पॅक केलं की सगळं चालतं. – एक आई, त्रिमूर्तीनगर

नाही चालत. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप दुधाचंच, आणि संत्रा बर्फीतला खवाही दुधाचाच. पाकीट हवाबंद आहे की नाही याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. पाकिटात काय आहे एवढंच तिथे बघतात. व्हॅक्यूम पॅकिंगचे पैसे घेणारे हे सांगत नाहीत, कारण विमानतळावर बॅग त्यांची उघडली जात नाही.

कढीपत्त्याबद्दल नागपूरकरांनी तरी विचारू नये. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. त्याच्या पानांवर सिट्रस सायला नावाची बारीक कीड येते आणि ती ग्रीनिंग हा रोग पसरवते. ज्यांच्या घरी काटोल-वरुडकडे संत्र्याची बाग आहे त्यांना या रोगाने झाडाचं काय होतं ते ठाऊक आहे. अमरावती रोडवर आपल्याकडे लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, ती काही उगीच नाही. तसाच स्पेन-इटलीतल्या बागांनाही आपला जीव प्यारा आहे. ताजी पानं नेऊ नका.

तुपाची काळजी सोडा. जर्मनीत कुठल्याही सुपरमार्केटमध्ये ‘बुटरश्माल्झ’ मिळतं. लोणी कढवून केलेलंच ते. वास घरच्यासारखा नसेल, पण वरणावर चालतं. शेवटची यादी करण्यापूर्वी जर्मन सीमाशुल्क विभागाचं संकेतस्थळ मुलाला स्वतः वाचायला लावा. एजंटला नको.

तिकडे भाजीचा भाव करता येतो का?

सुपरमार्केटमध्ये नाही. आठवडी बाजारात बंद व्हायच्या वेळेला जा, विक्रेता बरेचदा आपणच भाव उतरवतो. आणि टोमॅटो दाबून बघू नका. हात तो लावतो, आपण बोट दाखवायचं.

जर्मनीत मुलीच्या पोळ्या पापडासारख्या होतात. पीठ तर गव्हाचंच आणते. काय चुकतं? – प्रतापनगर

पाकिटावरचा आकडा बघायला सांगा. जर्मन पिठावर ‘टाइप’ आणि पुढे संख्या असते: 405, 550, 1050. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजं, उरतात तो हा आकडा. 405 म्हणजे जवळजवळ आपला मैदा, आणि नवखं माणूस नेमकं तेच उचलतं, कारण ते सगळ्यांत स्वस्त आणि समोरच्याच फळीवर असतं. 1050 मध्ये कोंडा जास्त. ‘फोलकोर्न’ लिहिलेलं असेल तर आख्ख्या गव्हाचं, पण ते जाडसर दळलेलं असतं. निम्मं 1050 आणि निम्मं फोलकोर्न घ्या, कोमट पाण्यात मऊ भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा. पोळी फुगेल न फुगेल, पोटाला बरी.

आणि तिला तुर्की किराणा दुकान शोधायला सांगा. भारतीय दुकान लांब आणि महाग असतं, पण तुर्की दुकान बहुतेक शहरांत जवळपास असतं. मसूर, चणे, कोथिंबिरीची भरघोस जुडी, भेंडी, घट्ट दही, सगळं तिथे. रविवारी जाऊ नये, जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी हे आठवतं आणि मग पोरं रविवारभर ब्रेडवर काढतात.

आम्ही शुद्ध शाकाहारी. परदेशात पाकिटावर हिरवा ठिपका नसतो म्हणे. आमच्या ग्रुपवर यादी आली आहे की ‘ई’ नंबर असलेल्या प्रत्येक पदार्थात डुकराची चरबी असते. – इतवारी

ती यादी माझ्याकडेही दर वर्षी येते, दर वेळी एखादा नंबर वाढवून. ‘ई’ नंबर म्हणजे पदार्थात घातलेल्या रंग-आम्लासारख्या घटकांचे युरोपातले क्रमांक. ई 100 म्हणजे हळदीचा रंग. ई 300 म्हणजे क जीवनसत्त्व. ई 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, आपलं लिंबूसत्व. झाली चरबी?

बघायचं ते वेगळंच. ई 120 हा किड्यांपासून काढलेला लाल रंग, तो टाळा. ई 471 वनस्पतीचं असू शकतं, प्राण्याचंही. पाकिटावर खुलासा नसेल तर कंपनीला विचारा. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन दह्यात आणि गोळ्यांत सापडतं, आणि ते घटकांच्या यादीत नावानिशी असतं. चीजमध्ये मात्र खरी मेख आहे. दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं आणि लेबलवर त्याचा उल्लेख असेलच असं नाही. अस्सल पार्मिजानो तर नेहमी त्याचंच. मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं, रेनेट लिहिलेलं चीज घ्या, किंवा पिवळ्या-हिरव्या ‘व्ही’चं चिन्ह बघा. ते चिन्ह ऐच्छिक असतं. नसलं म्हणजे पदार्थ मांसाहारीच, असं नाही.

जैन आहार पाळणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आहारतज्ज्ञाकडून एकदा बी 12 आणि प्रथिनांचा हिशेब करून घ्यावा. कांदा-लसूण टाळताना डाळ-दूधही कमी होतं आणि ते वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

वडील 66 वर्षांचे, दहा वर्षांपासून मधुमेह. मेलबर्नला बहिणीकडे सहा महिने जाताहेत. जावई म्हणतात, तिकडे ‘नो ॲडेड शुगर’चं सगळं मिळतं, काळजीच नाही. ग्लुकोमीटरही तिकडेच घेऊ. बरोबर ना? – मनीषनगर

नाही. माझ्या ओपीडीत परदेशातून परतलेले मधुमेही आई-वडील येतात ते बहुतेक याच दोन वाक्यांच्या भरवशावर गेलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही, इतकंच. साखर नाही असा त्याचा अर्थ होत नाही. सफरचंदाच्या रसात वरून काही न घालताही शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. जेवताना अडीचशे मिलिलिटरचा ग्लास घेतला की सहा चमचे झाली. तेच आजोबा घरी चहात अर्धा चमचा साखर घातली तर सुनेला ओरडतात! खजूर घालून केलेला बार, मनुका घातलेलं म्यूसली, फळांचं गोड दही, सगळीकडे हीच पाटी आणि हाच खेळ. कंपनी खोटं बोलत नाही. ती खरं तेवढंच बोलते जेवढ्याने माल खपतो.

म्हणून पाकीट उलटं करा. ऑस्ट्रेलियात मागच्या बाजूला पोषणाचा तक्ता असतो आणि त्यात दोन रकाने असतात: एक दर सर्व्हिंगला, दुसरा दर शंभर ग्रॅमला. सर्व्हिंग किती ग्रॅमचं, ते कंपनी ठरवते. एका डब्यावर तीस ग्रॅम, शेजारच्यावर पंचेचाळीस. तीस ग्रॅम सीरियल म्हणजे वाटीचा तळ झाकला न झाकला. कोण तेवढ्यावर उठतं? दोन पाकिटांची तुलना करायची तर फक्त शंभर ग्रॅमचा रकाना बघा. आणि साखरेची ओळ वाचून थांबू नका, तिच्या वरची एकूण कार्बोहायड्रेटची ओळ वाचा. पांढऱ्या ब्रेडमध्ये साखर थोडीच दिसते, पण रक्तातली साखर तो चांगलीच चढवतो.

तिथे ऊर्जा कॅलरीत नसून किलोज्यूलमध्ये छापतात. 4.2 ने भागलं की कॅलरी येते. 840 बघून घाबरू नका, ती 200 कॅलरी आहे.

ग्लुकोमीटरचं प्रकरण याहून गंभीर. आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. तिकडचा आकडा गुणिले 18, म्हणजे आपला आकडा. तिकडच्या मीटरवर 7 आलं तर ती 126 आहे. आता आयुष्यभर 130-140 बघितलेल्या माणसाने पहाटे मीटरवर ‘7.0’ वाचलं तर तो काय समजेल? साखर एकदम उतरली! आणि मग ग्लुकोज खाईल, गोळी चुकवेल, लेकीला झोपेतून उठवेल. आपल्याकडचं 70, ज्याच्या खाली गेल्यावर काळजी करायची, ते तिकडे 3.9 दिसतं. वडिलांना जे मीटर वापरता येतं तेच द्या, पट्ट्या पुरेशा द्या, आणि हे दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहून बहिणीच्या फ्रिजवर चिकटवा.

तिथल्या बाजाराला घाबरायचं कारण नाही. मेलबर्नमध्ये क्वीन व्हिक्टोरिया मार्केट आहे, कॉटन मार्केटला सकाळी जाणाऱ्या माणसाला तिथे करमेल. सोमवारी आणि बुधवारी ते बंद असतं. पालक महाग वाटला तर सिल्व्हरबीट नावाची जाड देठाची पालेभाजी घ्यावी, डाळभाजी उत्तम होते. हवा मात्र उलटी: आपण पावसाची वाट बघतो तेव्हा तिकडे थंडी. फिरणं बंद होतं, खाणं वाढतं.

विमानतळावर द्यायच्या प्रवासी कार्डावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करा. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं प्रवाशाला तीन महिन्यांपुरतीच नेता येतात आणि वडील राहणार सहा महिने. उरलेल्या तीन महिन्यांसाठी तिथल्या डॉक्टरांना दाखवावंच लागेल, आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या औषध दुकानात चालत नाही. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), किडनी आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, आणि त्यांच्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून आणा. निघायच्या आदल्या आठवड्यात नको. हातात महिना तरी ठेवा.

मॅडम, पोट्टं ऐकतच नाही. कुकर नेत नाही म्हणतो, तिथे स्लो कुकर घेईन, त्यात राजमा होतो. होतो का?

शिजल्यासारखा दिसतो. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो नीट उकळल्याशिवाय जात नाही आणि बरेच स्लो कुकर तेवढे तापत नाहीत. अर्धवट तापलेला राजमा तर कच्च्याहूनही वाईट. उलट्या-जुलाब होतात आणि पोरं दोष देतात तिथल्या पाण्याला. पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळायचा, मग स्लो कुकरमध्ये खुशाल घालायचा. डब्यातला आयता राजमा शिजलेलाच असतो, तो चालतो. पण कुकर द्याच. आणि खाऊन उलट्या सुरू झाल्याच तर ओवा चघळत न बसता डॉक्टर गाठायचा.

परवा पहाटे दुबईची फ्लाइट आहे. नोकरी लागली. सावजी मसाला दोन किलो घेतला आहे, घरगुती केलेला. हरकत नाही ना?

परवा! मसाल्यात खसखस आहे का, हे आधी करणाऱ्याला विचारा. सावजीत बहुधा असतेच. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. सिंगापूरलाही चालत नाही. वाटलेली आहे, दिसत नाही, चिमूटभर आहे, असली कारणं तिथे सांगायची सोय नाही. खात्री नसेल तर मसाला घरी ठेवा. धने, मिरे, दगडफूल, जवस, सगळं दुबईत मिळतं, वाटून घ्या.

रोजची औषधं सोबत असतील तर त्यांतली कुठली तिथे परवानगी घेऊन न्यावी लागते, हे आजच तपासा. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांचा प्रश्न खसखशीहून मोठा आहे.

सून लेस्टरला. तिथे दुधात ‘डी’ जीवनसत्त्व घालतात, म्हणून वेगळं काही लागत नाही असं तिची मैत्रीण म्हणते. मी तरी इथून साठ हजारांच्या पुड्या पाठवते आहे, रोज एक घे म्हटलं. – धरमपेठ

पुड्या थांबवा, आजच फोन करा. त्या पुडीत साठ हजार युनिट असतात. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीला इजा होते. सुनेने आतापर्यंत किती घेतल्या ते विचारा आणि तिला तिथल्या डॉक्टरांकडे कॅल्शियम तपासायला पाठवा.

मैत्रिणीचं म्हणणं अमेरिकेत चाललं असतं, ब्रिटनमधल्या साध्या दुधात डी घातलेलं नसतं. तिथे ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हातून डी जवळजवळ मिळतच नाही. सरकारी सल्ला दिवसाला दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट, असा आहे; आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असंही सांगतात. ही गोळी तिथल्या सुपरमार्केटमध्ये स्वस्तात मिळते. गरोदरपणाचा विचार असेल तर तिने स्वतःच्या डॉक्टरांना विचारून घ्यावी, सासूला विचारून नको.

इंग्लंडमध्ये संध्याकाळी पिवळं स्टिकर लावून निम्म्या किमतीत माल विकतात. तो खावा का?

स्टिकर नको, पाकिटावरची तारीख बघा. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख उलटली असेल तर वास-चव बघून खा. ‘यूझ बाय’ उलटली असेल तर फेका, वासही घेत बसू नका.