वरचा आकडा, खालचा आकडा

प्रश्न : डॉक्टर, आम्ही लालबागला चाळीत राहतो. बाबा ७६ वर्षांचे, बेस्टमध्ये कंडक्टर होते. त्यांचं बीपी बहुतेक वेळा १६८/६४ येतं. ओळखीचे सगळे म्हणतात, ‘खालचं चांगलं आहे, काळजी नको.’ पण वर्षभरात बाबांची चाल बदललीय. पाय घासत, छोटी पावलं टाकतात. लघवीला घाई होते. पूर्वी तोंडी हिशेब करणारा माणूस आता सुट्टे पैसे मोजताना अडखळतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘पांढऱ्या भागात वयोमानानुसार बदल, जुने लॅक्युनर इन्फार्क्ट’ असं आहे. मानेच्या डॉपलरमध्ये मात्र ब्लॉकेज नाही. मग मेंदूत हे आलं कुठून? आणि वयच झालंय, तर काही करायचं उरतं का?
— एक मुलगी, लालबाग

उत्तर : ताई, १६८ मधून ६४ वजा करा. १०४ उरतात. साधारण ४० च्या आसपास असायला हवं ते अंतर. बाबांचा आजार त्या वजाबाकीत दिसतो, आणि ‘खालचं चांगलं आहे’ हा दिलासा तिथेच फसवा ठरतो.

हृदय रक्त ढकलतं तेव्हा महाधमनी फुगते, थोडं रक्त पोटात धरून ठेवते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून ते पुढे सरकवते. त्या आकसण्यामुळे खालचा आकडा टिकतो. हा लवचीकपणा इलास्टिनच्या तंतूंचा. हे तंतू शरीर बहुतांशी लहानपणीच बनवतं, पुढे जवळजवळ नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाख ताण बसतात, वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त. तंतू तुटत जातात, त्यांच्या जागी ताठर कोलॅजन येतं, कॅल्शियम साचतं. मधुमेह, तंबाखू, किडनीचा आजार आणि वर्षानुवर्षं न आवरलेलं बीपी या सगळ्याला वेग देतात. ताठरलेली धमनी फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आकसतही नाही, म्हणून खालचा उतरतो. दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत.

आता मेंदू. शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण १५ टक्के वाटा घेणारा. इतकं रक्त सतत हवं म्हणून त्याच्या वाटेवर अडथळा कमी ठेवलेला असतो. (किडनीचंही तसंच, म्हणून दोन्ही अवयव बरोबरच भोगतात.) पहाटे पाणी आलं की चाळीतला लोखंडी पाईप कसा हादरतो, तुम्ही रोज ऐकत असाल. तसा ताठर धमनीतून प्रत्येक ठोक्याचा धक्का मऊ न होता आत पोचतो. मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या धमन्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. त्यांच्या भिंती जाड होतात, कुठे एखादी बंद पडते. ती जिथे बंद पडली तिथला छोटा खड्डा म्हणजे लॅक्युनर इन्फार्क्ट. डॉपलरने पाहिली ती मानेतली मोठी वाट. ती मोकळी असूनही आतल्या गल्ल्या तुंबू शकतात, त्यामुळे तुमचे दोन रिपोर्ट एकमेकांना खोटं पाडत नाहीत. चाल, लघवीची घाई, विचारातला मंदपणा हे सगळं या बारीक धमन्यांच्या आजारात दिसतं. तरी प्रोस्टेट, बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या. सगळं एकाच खुंटीला टांगू नये.

‘वयोमानानुसार’ या शब्दावर माझा जुना राग आहे. तो वाचला की घरचे फाईल बंद करतात. जुना इन्फार्क्ट म्हणजे कधीतरी गुपचूप होऊन गेलेला स्ट्रोक, आणि त्यावर उपचार त्याच गांभीर्याने व्हायला हवेत.

उपाय आहेत. फक्त वरचंच बीपी वाढलेल्या साठीपुढच्या लोकांवर अमेरिकेत ‘शेप’ नावाची चाचणी झाली. १९९१ मध्ये निष्कर्ष आला : गोळ्यांनी स्ट्रोक एक तृतीयांशाहून जास्त घटले. २०१९ मध्ये ‘स्प्रिंट’ चाचणीत असं दिसलं की वरचा आकडा १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य असलेल्या गटात मेंदूतले पांढरे डाग (तुमच्या रिपोर्टमधले ‘पांढऱ्या भागातले बदल’) सावकाश वाढले. पण स्प्रिंटमध्ये मधुमेही आणि स्ट्रोक झालेले लोक घेतलेच नव्हते, तेव्हा १२० चा हट्ट बाबांसाठी धरू नका. लॅक्युनर स्ट्रोक झालेल्यांच्या चाचणीत १३० च्या खाली हे लक्ष्य होतं आणि मेंदूतला रक्तस्राव कमी झाला. त्याच चाचणीत ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी दुसरी गोळी कायम चालू ठेवल्यावर रक्तस्राव आणि मृत्यू वाढले. म्हणून दोन्ही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. स्वतःहून एकही बंद करू नका.

खालचं ६४ आहे म्हणून बीपी आठवड्या-आठवड्याने, हळूच उतरवायचं. उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने पडला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं. चाळीच्या जिन्यावर पडून मांडीचं हाड मोडलं तर चांगल्या बीपीचा उपयोग काय? मोजण्यापूर्वी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पट्टा दंडावरचाच हवा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारवलेला मासा सगळं आलं. तंबाखूचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. डबी असेल तर आधी ती काढा.

अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर वेळ लिहून ठेवा, १०८ लावा, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांपर्यंतच देतात. तोवर पाणी नको, ॲस्पिरिनही नको.

प्रश्न : वय ६३. सोसायटीच्या शिबिरात दंड-घोट्याला पट्टे बांधून ‘तुमच्या धमन्यांचं वय ८१’ असा कागद दिला. झोप उडाली आहे.
— एक गृहस्थ, गोरेगाव

उत्तर : ठोक्याची लाट धमनीतून किती वेगाने धावते हे त्यात मोजतात. धमनी जितकी ताठर तितका वेग जास्त. मान ते जांघ मोजल्यावर सेकंदाला १० मीटरपेक्षा जास्त आला तर धोक्याचा मानतात. दंड-घोट्याच्या मोजणीला हा १० चा आकडा लावायचा नाही, तिचे आकडे मुळातच जास्त येतात. शिवाय त्या क्षणी बीपी चढलेलं असेल तर वेगही चढतो. शिबिराच्या रांगेत ताटकळल्यावर कुणाचं चढत नाही? धमन्या पुन्हा तरुण करणारी गोळी बाजारात नाही. तिथेच कुणी विकत असेल तर घेऊ नका. घरी आठवडाभर बीपी मोजा, साखर आणि किडनीसाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन तपासा आणि ते आकडे घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जा.