टर्बो इंजिनात ब्रीदरचे पाइप जोडताना

आधी एक पक्कं समजून घ्या: क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, पिस्टनच्या बाजूने झिरपून साचणाऱ्या वायूला बाहेर पडायला दोन वाटा लागतात. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम असतो, तेव्हा वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा वायू सोडणाऱ्या एकदिशा व्हॉल्व्हमधून) तिकडे जातो. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, आला की तो व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा आणि वायू व्हॉल्व्ह कव्हरच्या ब्रीदरमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपात जायला हवा. ही जोडणी एअरफ्लो सेन्सरच्या पुढे, म्हणजे सेन्सर आणि टर्बो यांच्यामध्ये करा. ब्रीदर नुसता उघडा सोडलात तर आयडलिंगला न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि हवा-इंधनाचं मिश्रण पातळ होतं.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकून पाहा. हवा आरपार गेली तर बदला. नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक उडते, सील गळू लागतात, आणि लोक उगाच टर्बोला दोष देतात! कॅनिस्टरच्या (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याच्या) पर्ज लाइनलाही, म्हणजे ती वाफ इंजिनात नेणाऱ्या नळीलाही, मॅनिफोल्डच्या बाजूला एकदिशा व्हॉल्व्ह हवाच.

पाइप तेल सोसणाऱ्या रबराचेच घ्या. साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरतं. मध्ये झोळ ठेवू नका, तिथे पाणी-तेल साचतं. वेस्टगेटची (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) नळी मात्र स्वतंत्र ठेवा, तिला टी मारू नका, म्हणजे त्यातून दुसरी नळी फोडू नका.