सीबीसी नॉर्मल आली तरी दर तीन महिन्यांनी पीसीआर कशाला?

दादा, तुमच्या बाबांना सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) आहे, इमॅटिनिब (त्यावरची गोळी) चालू आहे, सीबीसी (रक्तपेशी मोजायची साधी तपासणी) नॉर्मल आली, मग निपाणीहून बेळगावला परत पीसीआरसाठी रक्त द्यायला कशाला यायचं असं विचारलाय, तर यायलाच पाहिजे. सीबीसी सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांनी करतात आणि ती बऱ्याच वेळा एक-दोन महिन्यांत नॉर्मल होते, पण म्हणून आजार गेला असं नाही, आत किती उरलाय ते बीसीआर-एबीएल पीसीआरमध्येच (या आजाराचा बिघडलेला जीन रक्तात किती आहे ते मोजणारी टेस्ट) कळतं.

गोळ्या सुरू केल्यापासून तीन महिन्यांला हा पीसीआरचा आकडा १० टक्क्यांच्या खाली, सहाला १ च्या खाली आणि वर्षाला ०.१ किंवा कमी, असा साधारण हिशोब असतोय. तीन महिन्यांचा आकडा थोडा वर आला म्हणून लगेच घाबरू नका, डॉक्टर टेस्ट परत करून बघतात आणि आधी विचारतात गोळ्या चुकल्या काय, खरं सांगा त्यांना. सहा महिन्यांनीही १० च्या वरच असला तर मात्र औषध बदलायची गोष्ट निघते, म्युटेशन टेस्ट (जीनमधल्या बदलामुळे गोळी लागू पडत नाही काय ते बघणारी) पण सांगतात.

एक महत्त्वाचं, लॅब शक्यतो एकच ठेवा आणि रिपोर्टवर इंटरनॅशनल स्केल (सगळ्या लॅबचे आकडे एकाच मापात आणायची पद्धत) लिहिलंय काय बघा, नाहीतर मागच्या आकड्याशी जुळवता येत नाही. सॅम्पल पुणे-बेंगळुरूला जात असेल तर शनिवारी देऊ नका, वाटेत जास्त वेळ राहिलं की खराब होतंय. प्रत्येक वेळी बोनमॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) लागत नाही हां, हातातलंच रक्त घेतात.