दिल्लीचं पोलीस संग्रहालय: आधी सवलतीचं पत्र, मग सोमवार

मॅडम, गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेची आठवीची ३२ पोरं दिल्लीला न्यायची आहेत, दहशतवाद म्हणजे काय हे त्यांना राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या संग्रहालयात दाखवायचं आहे आणि रेल्वे सवलतीचं पत्र तिसऱ्यांदा परत आलं, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही. संमतिपत्रं, औषधाची पेटी, सोबत बाई शिक्षक हे तुम्हाला सांगायला नको. पत्राचंच सांगतो.

ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांना अभ्यास सहलीसाठी वर्षातून एकदा ७५ टक्के सवलत आहे, पण ती सेकंड क्लासला. स्लीपरला नाही. बल्लारशाहून दिल्ली म्हणजे एक रात्र गाडीतच, त्यामुळे स्लीपर हवाच. स्लीपरसाठी शैक्षणिक सहलीची सवलत वेगळी आहे: सर्वसाधारण मुलांना ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ७५ टक्के. म्हणून याद्या दोन करा आणि दोन्हींवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्या. नावात खाडाखोड झाली तर ती यादी फेकून नवीन लिहा. सवलत मूळ भाड्यावर असते, आरक्षण शुल्क पूर्ण भरावं लागतं. ऑनलाइन ही सवलत मिळत नाही, खिडकीवरच जावं लागतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा मंजुरी त्याआधी हातात हवी. (नियम बदलतात, स्टेशनवर एकदा विचारून घ्या.)

आम्ही सहल नेली तेव्हा आमची चूक हीच होती. पत्रात सवलत 'ग्रामीण शाळे'ची लिहिली आणि मागितलं स्लीपर. खिडकीवरून परत. ज्या कचेरीतून ते बदलून यायचं, तिथं दरवेळी एवढंच ऐकायला मिळालं, 'दुरुस्त करून आणा.' काय दुरुस्त करायचं, हे कोणी सांगितलं नाही. एका ओळीचं काम होतं. शंभर किलोमीटरवरून मास्तर एसटीनं येतो, दिवस मोडतो, आणि त्याला चूक कुठे आहे हेदेखील कळू नये, याचा मला आजही राग येतो. त्यात तारीख सरकली आणि दिल्लीचा दिवस निघाला सोमवार. सोमवारी ते संग्रहालय बंद. सफदरजंग रोडवरचं इंदिरा गांधी स्मृती संग्रहालयही बंद, लाल किल्लाही बंद. म्हणून तारीख मंगळवारपासून पुढं धरा आणि पत्र लांबलं तर आठवडाच सरकवा, दिवस नको. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या तासन्‌तास लेट होतात, आपल्या पोरांकडे तसे स्वेटरही नसतात. प्रजासत्ताक दिनाच्या आधी बंदोबस्त कडक असतो. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बरा.

स्मारक चाणक्यपुरीत आहे, २१ ऑक्टोबर २०१८ ला खुलं झालं. मधोमध ३० फूट उंच, २३८ टन वजनाची काळ्या ग्रॅनाइटची शिळा आहे. शौर्य भिंतीवर उद्घाटनाच्या वेळी ३४,८४४ नावं कोरलेली होती, स्वातंत्र्यापासून कर्तव्यावर जीव गमावलेल्या पोलिसांची. संग्रहालय जमिनीखाली आहे. पोरांना हे आधी सांगा की सगळी नावं दहशतवादातली नाहीत. २१ ऑक्टोबर ही तारीखच १९५९ मधल्या लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्सची आहे, तिथं चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलीस गेले. नाहीतर पोरं सगळं एकाच पोत्यात भरतात.

पण खरी तयारी वर्गात करा. आपल्या गडचिरोलीत दहशतवाद हा फक्त मुंबई-दिल्लीचा विषय नाही. ८ ऑक्टोबर २००९ ला भामरागड तालुक्यात लाहेरीला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला कुरखेड्यातल्या जांभुळखेड्यात त्यांच्याच भूसुरुंगात १५ जवान गेले. एखाद्या पोराचा बाप सी-६० मध्ये, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात असतो, एखाद्याच्या काकाला खबऱ्या ठरवून मारलेलं असतं, एखाद्याची बहीण दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत गेलेली असते. तिघं एकाच बाकावर बसतात. म्हणून 'तुमच्या घरी कोणाला असं काही झालंय का?' हे वर्गात विचारूच नका. कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव न लिहिता प्रश्न लिहू द्या, डब्यात टाकू द्या.

एक प्रश्न हमखास येतो: नक्षलवादी हे दहशतवादी आहेत का? उत्तर कायद्यातलं द्या. जून २००९ मध्ये भाकप (माओवादी) या नक्षलवाद्यांच्या संघटनेचं नाव यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याच्या दहशतवादी संघटनांच्या यादीत घातलं गेलं. त्यापुढं भाषण नको.

वेळ उरला तर त्याच दिवशी सफदरजंग रोडला जा. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजींना गोळ्या लागल्या ती पायवाट काचेनं झाकलेली आहे, आत त्यांची साडी आहे. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला आत्मघाती स्फोटात गेलेल्या राजीव गांधींचे फाटलेले कपडे आणि बूटही तिथं ठेवलेत. ते कपाट येण्याआधी पोरांना सांगून ठेवा, ज्याला बघायचं नाही त्याला एका शिक्षकासोबत बागेत थांबू द्या. हे माझं मत आहे, काही शिक्षकांना पटत नाही, पण घरात असं काही पाहिलेल्या पोराला तिथं अचानक उभं करणं मला बरोबर वाटत नाही.

आता पत्र पुन्हा टाइप कराल तेव्हा त्यात 'स्लीपर' आणि 'शैक्षणिक सहल' हे दोन्ही शब्द आहेत का, तेवढं सहीच्या आधी बघा. नमुना लागला तर सांगा, आमचंच पत्र नावं काढून पाठवतो.