नोंदवहीत आकडा लिही

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. भूमिगत कोळसा खाणीच्या सुरक्षा विभागात रुजू झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात आश्रयकक्षांची तपासणी आणि त्या तपासणीच्या नोंदवह्या अशी दोन्ही कामे तुझ्याकडे आली, हे वाचून समाधान वाटले. मात्र पहिल्या कामाला तू 'जबाबदारी' म्हटले आहेस आणि दुसऱ्याला 'कारकुनी', आणि तो दुसरा शब्द मला बोचला. इतकी वर्षे हे काम केल्यावर मला ही दोन कामे एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. ती का करता येत नाहीत हे सविस्तर सांगावे म्हणून लिहायला बसलो आहे, तेव्हा पत्र लांबले तरी शेवटपर्यंत वाच.

आधी आश्रयकक्ष, ज्याला खाली सगळे नुसते 'चेंबर' म्हणतात, तो कशासाठी आहे हे नीट समजून घे. स्फोट झाला, आग लागली किंवा धूर भरला, तर कामगाराने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे सेल्फ-रेस्क्यूअर, म्हणजे कमरेला बाळगायचे छोटे श्वसनयंत्र, तोंडाला लावून सुटकेच्या वाटेने बाहेर पडणे. ज्या खाणीत एक स्फोट झाला आहे तिथे दुसरा होऊ शकतो, आणि वायूची खात्री केल्याशिवाय बचाव पथकाला आत पाऊल टाकता येत नाही, म्हणून चालता येत असेल तोवर चालायचे. पण छत कोसळून वाट बुजली, बरोबरचा माणूस जखमी झाला, किंवा रेस्क्यूअरची मुदत वाटेतल्या पुढच्या जादा रेस्क्यूअरांच्या साठ्यापर्यंत पुरणार नाही असे दिसले, तर कोठेतरी शुद्ध हवेत शिरावेच लागते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे थोडे थांबून पाहू, मग ठरवू, एवढी सवड तो देत नाही. अशा वेळी चेंबर हा शेवटचा उपाय असतो, आणि शेवटचा असल्यामुळे तो फसला तर त्याच्यामागे काहीच उरत नाही.

२ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या सागो खाणीत स्फोट झाला तेव्हा आत चेंबर नव्हता. एक कामगार लगेचच गेला आणि १२ जण अडकले. धुरातून बाहेर पडता येईना म्हणून ते मागे वळले आणि ब्रॅटिसचा, म्हणजे खाणीत हवा वळवायला वापरतात त्या कापडाचा, पडदा आडवा बांधून त्यामागे बसून राहिले. छतातल्या बोल्टवर हातोड्याचे घाव घालून त्यांनी वरच्यांना खूण देण्याचा प्रयत्न केला. बचाव पथक त्यांच्यापर्यंत पोचायला ४० तासांहून अधिक काळ गेला, तोवर पडद्यामागच्या ११ जणांचा जीव गेला होता आणि एकटाच जिवंत सापडला. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला आणि २००८ च्या अखेरीस आश्रयकक्षांचे सविस्तर नियम आले. त्या नियमांत श्वसनयोग्य हवेसाठी ९६ तासांची अट आहे. बचावाला किती वेळ लागतो याचा अनुभव पाठीशी ठेवून ती घातली आहे, हे तू रोज ज्या चेंबरच्या पेटीसमोर उभा राहशील तिच्याकडे पाहताना आठव.

आता त्या पेटीच्या पोटात काय असते ते पाहू. तिथल्या नियमांनी प्रत्येक माणसामागे तासाला सुमारे ३७ लिटर ऑक्सिजन धरला आहे, म्हणजे ९६ तासांना एकेकासाठी साडेतीन हजार लिटरांच्या वर जातो. पण नवखा माणूस ऑक्सिजनचाच हिशेब करत बसतो आणि त्याआधी घात करणारी गोष्ट विसरतो. बंद जागेत उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि तो शोषणाऱ्या सोडालाइमच्या किंवा लिथियम हायड्रॉक्साइडच्या पडद्यांची वेष्टने फाटलेली असतील, दमट झालेली असतील, त्यांची मुदत संपली असेल, तर सिलिंडर काठोकाठ भरलेले असूनही आतली माणसे गुदमरतील. दुसरी दुर्लक्षित गोष्ट उष्णतेची. शांत बसलेला माणूसही साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, वायू शोषणारी रसायने काम करताना तापतात, आणि माणसांच्या घामाने व श्वासाने हवा ओलसर होते. म्हणून आत जाणवणारे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये अशी मर्यादा आहे. भोवतालचा खडक आणि हवा मुळात गरम असेल तर त्याच चेंबरमध्ये कमी माणसे बसवावी लागतात, आणि म्हणून दारावर रंगवलेला माणसांचा आकडा हा त्या जागेच्या तापमानावर अवलंबून असतो. चेंबर नव्या जागी हलवला की तो आकडा तिथे लागू पडतो का, हे पुन्हा तपासायचे असते. हे फार थोड्या ठिकाणी आपणहून केले जाते. पाणी माणशी दिवसाला सुमारे दोन लिटर आणि अन्न २,००० कॅलरींचे, हा भाग सोपा आहे, त्यावर तारखा छापलेल्या असतात.

आता माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ज्या खाणीत होतो तिथे एका चेंबरची पाळीआधीची तपासणी माझ्याकडे होती. बाहेरच्या छोट्या काचेतून दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात दिसला की मी वहीत 'ठीक' लिहून पुढे जात असे. एके दिवशी माझ्याबरोबर एक जुना फिटर होता. त्याने झाकण उघडायला लावले, दिवा जवळ धरला आणि बोटाच्या नखाने मापकाच्या काचेवर दोनदा टकटक केले. काटा हलला, सरकला आणि हिरव्या पट्ट्याच्या खाली जाऊन थांबला. व्हॉल्व्हच्या जोडाजवळ बारीक गळती होती, सिलिंडर कित्येक दिवस रिता होत होता, आणि अडकलेला काटा मला रोज भरलेला सिलिंडर दाखवत होता. फिटर काही बोलला नाही. मी वर आल्यावर वही उघडली आणि मागची पाने चाळली. माझ्या अक्षरात एकाखाली एक 'ठीक' लिहिलेले होते. त्या पाळ्यांत त्या चेंबरच्या पलीकडे फेसवर, म्हणजे कोळसा खोदण्याच्या तोंडाशी, कोण कोण होते, त्यांची नावे मी हजेरीतून काढून एका कागदावर लिहिली. त्या काळात चेंबरची गरज कोणाला पडली नाही. तरी तो कागद मी बरीच वर्षे जपून ठेवला होता.

त्या दिवसापासून मी वहीत 'ठीक' हा शब्द लिहिला नाही, आणि तूही लिहू नकोस. आकडा लिही. समज, एका सिलिंडरचा दाब सोमवारी १५० बार होता, पुढच्या सोमवारी १४६ आणि त्यापुढच्या सोमवारी १४१. तिन्ही वेळा काटा हिरव्या पट्ट्यातच होता, म्हणून तीन बरोबरच्या खुणा केल्या असत्या तर त्या एकसारख्या दिसल्या असत्या. पण हे तीन आकडे एकाखाली एक आले की गळती डोळ्यांसमोर उभी राहते. भोवतालचे तापमान उतरले की दाबही थोडा उतरतो, म्हणून शेजारी तापमान लिही, नाहीतर नसलेल्या गळतीमागे धावशील किंवा असलेली गळती थंडीच्या नावावर खपवशील. आणि तोच आकडा आठवड्यामागून आठवडे जसाच्या तसा येत राहिला, तर खूश होण्याऐवजी मापकावर संशय घे.

चेंबरच्या भिंतीइतकीच त्याच्याकडे जाणारी वाट महत्त्वाची आहे. धुरात टोपीवरच्या दिव्याचा, कॅप लॅम्पचा, उजेड स्वतःच्या कोपरापर्यंतही पोचत नाही, आणि तेव्हा माणूस हाताने चाचपत सुटकेच्या वाटेवर बांधलेली लाईफलाईन दोरी धरून चालतो. दोरीवरचे शंकू असे बसवलेले असतात की बाहेरच्या दिशेने जाताना हात त्यांच्यावरून सहज घसरतो आणि उलट दिशेने गेल्यास अडतो. चेंबरकडे जाणारा दोरीचा फाटा जिथे फुटतो तिथे अमेरिकी नियमाप्रमाणे स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. हे शंकू दुरुस्तीनंतर उलटे बसवलेले मी पाहिले आहेत. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती चूक दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा तरी डोळे मिटून, हातमोजे घालून, दोरी धरून ती वाट पार कर आणि किती मिनिटे लागली ते लिही. फेस पुढे सरकतो पण चेंबर आपोआप सरकत नाही. अमेरिकी नियमांत फेसपासून चेंबरपर्यंतचे अंतर १,००० फुटांच्या आत ठेवावे लागते. तुझ्या खाणीची मर्यादा जी असेल ती असो, मोजलेले अंतर वहीत तारखेसह असू दे. आणि चेंबरच्या दारासमोर स्टोन डस्टच्या, म्हणजे कोळशाच्या धुळीचा स्फोट रोखण्यासाठी टाकायच्या दगडी भुकटीच्या, गोण्या, पाइप, लाकडे रचण्याची सवय सगळीकडे असते, कारण ती जागा रोजच्या कामात मोकळी आणि निरुपयोगी दिसते. त्या गोण्या तू स्वतः उभा राहून उचलायला लाव.

आता नोंदवहीकडे येतो. २०१० या एकाच वर्षात दोन देशांतल्या दोन कोळसा खाणींत प्रत्येकी २९ माणसे गेली. ५ एप्रिलला वेस्ट व्हर्जिनियातल्या अपर बिग ब्रँच खाणीत स्फोट झाला, आणि चौकशीत आढळले की काही धोके उत्पादनाच्या व देखभालीच्या अंतर्गत वहीत लिहिले जात होते, पण कायद्याने ठेवायच्या तपासणीच्या वहीत ते येत नव्हते. म्हणजे ठाऊक असलेली गोष्ट ज्या पानावर निरीक्षक आणि कामगार पाहणार त्या पानापासून दूर ठेवली गेली. १९ नोव्हेंबरला न्यूझीलंडमधल्या पाइक रिव्हर खाणीत स्फोट झाला. तिथल्या शाही आयोगाने नोंदवले की स्फोटाआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणात पोचल्याचे २१ अहवाल आले होते आणि त्याहून कमी पण धोकादायक प्रमाणाचे आणखी २७. खालच्या माणसांनी प्रामाणिकपणे लिहिले होते. वरच्या माणसांनी त्या अहवालांचा एकत्र विचार केला नाही आणि काम थांबवले नाही. मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही अधिक अस्वस्थ करते, कारण तिच्यात लिहिणाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

यातून तुझ्या कामापुरते एवढे घे. खाणीत धोक्यांची वही एकच असावी. यंत्राच्या दुरुस्तीसाठी वेगळी वही असेल तर असू दे, पण जो धोका कोणत्याही वहीत आला तो तपासणीच्या वहीत आलाच पाहिजे, त्याच पाळीला. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी वाचली, काय केले आणि कधी केले, यासाठी जागा ठेव, आणि ती जागा रिकामी दिसली तर दुसऱ्या दिवशी तीच नोंद पुन्हा लिही, आधीच्या तारखेचा उल्लेख करून. तीन दिवस सलग आलेली नोंद प्रतिस्वाक्षरी करणाऱ्याला डोळ्याआड करता येत नाही. वेळ लिहिताना घड्याळात दिसणारी वेळ लिही. दहा जागांच्या तपासणीत बरोबर पंधरा पंधरा मिनिटांचे अंतर दिसले की ती पाने कार्यालयात बसून भरली आहेत हे जाणता वाचणारा लगेच ओळखतो. चूक झाली तर एका रेघेने खोड, खालचा शब्द वाचता येईल असा ठेव, बाजूला सही आणि तारीख घाल. पांढरी शाई वहीजवळ येऊ देऊ नकोस. आणि जी जागा तू पाहिली नाहीस तिच्यापुढे 'पाहिली नाही' असे लिही, कारणासह. हे लिहायला सुरुवातीला फार जड जाईल, कारण उत्पादनाची घाई असलेला कोणीतरी नेमका त्याच दिवशी सहीसाठी तुझ्यापाशी उभा असेल. तो तुझ्याहून वयाने, हुद्द्याने मोठा असेल आणि कदाचित स्वभावाने चांगलाही असेल. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला बरोबर घेऊन खाली जा.

नकाशा हीसुद्धा नोंदच आहे, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुलै २००२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीतले पाणी फुटून आत आले, कारण त्या जुन्या खाणीत शेवटी कोठवर खोदले होते हे दाखवणारा नकाशा काम करणाऱ्यांच्या हाती नव्हता. नऊ माणसे अडकली. वरच्यांनी चालू खाणीच्या नकाशावरून आणि भूमापनावरून ती माणसे कोठे गेली असतील ती जागा ठरवली, सुमारे २४० फूट खोल बारीक छिद्र पाडले आणि त्यातून दाबाची हवा सोडली. ती हवा त्यांच्यापर्यंत पोचली, आणि चौथ्या दिवशी नऊच्या नऊ जण जिवंत वर आले. चेंबर हलवला त्याच पाळीला त्याची नवी जागा वरच्या नकाशावर आली पाहिजे, असा आग्रह मी का धरतो हे तुला यावरून कळेल. आणि त्या जागेपाशी कोणत्या पाळीला किती माणसे आहेत हे लॅम्प रूमच्या, म्हणजे खाली जाताना दिवे घेतात त्या खोलीच्या, हजेरीशी रोज जुळले पाहिजे. बचाव पथकाचा पहिला प्रश्न 'किती आणि कुठे' हाच असतो.

चेंबर उघडून आत बसण्याचा सराव कामगारांकडून करून घेशील तेव्हा सर्वांत नव्या आणि सर्वांत अबोल माणसाला दार उघडायला सांग. हवाबंद कप्प्यातून थोड्या थोड्या माणसांनी आत यायचे, कारण दार उघडे ठेवून गर्दीने शिरले की बाहेरचा विषारी वायू त्यांच्याबरोबर आत येतो. हे तोंडी सांगून अंगवळणी पडत नाही. पहिला व्हॉल्व्ह कोणता फिरवायचा हे त्या माणसाला अंधारात सापडेपर्यंत थांब, आणि त्याला किती वेळ लागला तेही वहीत घाल.

तुझ्याकडे किती चेंबर आहेत आणि प्रत्येकात किती सिलिंडर, हे तू पत्रात लिहिले नाहीस. येत्या पाळीला पहिल्या चेंबरचे झाकण उघड, प्रत्येक मापकाच्या काचेवर नखाने टकटक कर, आणि काटा स्थिर झाला की दिसतील ते आकडे तापमानासह वहीत लिही. त्यांची एक नक्कल, तारीख आणि वेळ घालून, मला पुढच्या पत्रातून पाठव.

तुझा हितचिंतक