रोज एक गाणं: पाठवणाऱ्यांचे प्रश्न

आम्ही बावीस जण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज एक इंडी (मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतंत्रपणे काढलेलं) किंवा पंक (वेगवान, खडबडीत रॉक) गाणं टाकतो. पहिले पंधरा दिवस सगळे ऐकत होते, आता नुसते अंगठे येतात. काय चुकतंय?
– वाचक, राजारामपुरी

दिवसाला खरंच एकच गाणं जातंय का, ते आधी बघा. 'हे पण ऐका' म्हणत तीन लिंका पडल्या की त्या दिवशी एकही ऐकली जात नाही. सकाळी सातला टाकत असाल तर सुप्रभातच्या फुलांखाली ती गाडली जाते; रात्री जेवणं उरकल्यावर टाका.

मग सोबत काय लिहिता ते बघा. 'नाद खुळा' एवढ्यानं ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. बँड, गाव, साल आणि कान कुठे लावायचा, हे दोन ओळींत बसतं. नमुना: 'बझकॉक्स, मँचेस्टर, जानेवारी १९७७. उसन्या ५०० पौंडांत केलेली, स्वतःच्याच लेबलवर काढलेली चार गाण्यांची रेकॉर्ड. तिसऱ्या गाण्यातला गिटारचा सोलो ऐका, दोनच सुरांचा आहे.' असं वाचल्यावर तो सोलो येईपर्यंत माणूस थांबतो. यूट्यूबची लिंक असेल तर संगणकावर शेअरच्या खिडकीत 'स्टार्ट ॲट'वर टिक करून नेमकी वेळही घालता येते.

लिंक पेस्ट केल्यावर दोन-तीन सेकंद थांबा. लिंकच्या वर दिसणारं चित्र पाठवणाऱ्याच्याच फोनवर तयार होतं. घाईनं बाण दाबला की समोर उघडीबोडकी लिंक जाते आणि तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही.

नेट वाचावं म्हणून एक मित्र गाणं स्पीकरवर लावून व्हॉइस नोट पाठवतो. पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येतं.
– वाचक, शाहूपुरी

येणारच. व्हॉइस नोट बोलण्यासाठी आहे: एकच चॅनल, बिटरेट (सेकंदाला साठवला जाणारा डेटा) कमी. ड्रमसोबतच्या सिम्बलची, म्हणजे झांजेची, चमक जाते, उरते ती खरखर. बँडनं स्वतः मोफत दिलेलं गाणं किंवा तुमचाच डेमो असेल तर एमपीथ्री फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ३२० केबीपीएसला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात. दोन मिनिटांचं पंक गाणं पाच एमबीच्या आत बसतं. विकत घेतलेली फाइल मात्र वाटू नका, तिथे लिंकच द्या.

आमच्या ऐकण्यानं बँडला काही मिळतं का?
– वाचक, कसबा बावडा

स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय ऐकणं मोजलं जात नाही. शिवाय २०२४ पासून वर्षभरात १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथे मानधनच नाही. हार्डकोअरमधल्या (पंकचा आणखी वेगवान प्रकार) वीस सेकंदांच्या गाण्याचं काय होत असेल, ते तुम्हीच ओळखा. बँडकॅम्पवर (बँड आपली गाणी थेट विकतात ती साइट) गाणं विकत घेतलं तर कंपनी डिजिटल विक्रीवर १५ टक्के ठेवते. २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ती हा वाटाही सोडते. तो शुक्रवार कॅलिफोर्नियाच्या घड्याळाचा: आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारापासून, हिवाळ्यात दीडपासून शनिवारच्या त्याच वेळेपर्यंत. पैसे जात नसतील तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू आहेत का बघा. बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते.

काकांचे कान देवल क्लबाच्या शास्त्रीय संगीताच्या मैफलींवर पोसलेत. पंक लावलं की म्हणतात, 'ह्यो काय दंगा?' सुरुवात कुठून करावी?
– वाचक, मंगळवार पेठ

सुरांकडे नेऊ नका, लयीकडे न्या. रामोन्स या पंक बँडचा १९७६ चा पहिला अल्बम घ्या: १४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं. एक विलंबित ख्याल मांडून होईस्तोवर अख्खा अल्बम संपतो हे आधीच सांगा, म्हणजे काका आलापाची वाट बघणार नाहीत. मग त्यांचा गिटारवादक जॉनी रामोन याचा उजवा हात दाखवा. पिक (तार छेडायची चकती) फक्त वरून खाली, परतीचा वार नाही. सतारीच्या 'दा-रा' या जाण्या-येण्याच्या आघातांतला 'रा' काढून टाकावा आणि नुसतं 'दा दा दा दा' द्रुत लयीत वाजवावं, तसं. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्यात ठोक्याला दोन धरले तर सेकंदाला सहा 'दा' होतात. काकांना मांडीवर ताल धरून मोजू द्या. असं वाजवताना मनगट भरून येतं, म्हणून नवखे वादक मध्येच चोरून 'रा' घालतात. तो कुठे आला, हे काका तुमच्या आधी पकडतील.